द्वारकाबाईंचा हुंकार

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पिंपळगाव रेणुकाईला एका घराच्या माळ्यावर, तुटक्या सुपाशेजारी मी पडून आहे. माझ्या पोटात अजून एक कॅसेट आहे. मित्रांनो, ती कुणी वाजवू नये, एवढंच माझं मागणं. का, ते सांगतो.

१९८७ साली रखमाजींनी मला जालन्याच्या बाजारातून आणलं. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि शेजारच्याला बोटही लावू दिलं नाही. पुढची काही वर्षं मी नुसता मिरवत होतो. गावात लग्न कुणाचंही असो, नवरदेवाआधी मला बोलावणं यायचं. रखमाजींच्या पत्नी द्वारकाबाई मला रोज पदरानं पुसायच्या आणि वर विणलेला रुमाल टाकायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा धर्मराज मात्र माझी बटणं दणादण दाबायचा.

१९९३ च्या भादव्यात हाच धर्मराज डॉक्टर व्हायला रशियाला गेला. तिथल्या गावाचं नाव द्वारकाबाईंना काही केल्या घेता येईना. त्या आपल्या 'धर्माचं गाव' म्हणायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पोराची पत्रं रखमाजी वाचून दाखवायचे, पण तहसीलची नोटीस वाचावी तशी. द्वारकाबाईंचं त्यानं पोट भरायचं नाही.

मग फेब्रुवारीत निजामोद्दीन आला. हा जालन्याचा मुलगा, धर्मराजच्याच कॉलेजात दोन वर्षं पुढे. त्यानं सदऱ्याच्या खिशातून कॅसेट काढली आणि म्हणाला, "मावशी, धर्मानं आवाज पाठवलाय. पहिल्या वीस दिवसांचं सगळं हाय ह्यात."

माझ्या तोंडून धर्मराज बोलू लागला. "माय, होस्टेलातून निघालो की डाव्या अंगाला पूल लागतो. आपल्या घरापासून रेणुकामायचं देऊळ जितकं लांब, तितका लांब पूल. हुंकार दे माय, न्हाईतर मी थांबीन."

आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणायचं असतं. धर्मराज लहान असताना गोष्ट द्वारकाबाई सांगायच्या आणि हुंकार तो द्यायचा. आता उलटं झालं होतं. प्रत्येक वाक्यानंतर तो आईच्या हुंकारापुरता थांबायचा. द्वारकाबाई "हं" म्हणायच्या आणि तो पुढे चालायचा.

"पुलापल्याड ट्राम मिळती, म्हंजे रुळावरची बस समज."

"हं."

"चौथ्या दिवशी मी वाट चुकलो. भाषा येईना, इचारू कुणाला? मंग एका म्हातारीनं हाताला धरून पावाच्या दुकानापशी आणून सोडलं. तुझ्यासारखीच खरखरीत बोटं होती तिची."

इथे द्वारकाबाईंच्या तोंडून हुंकार फुटला नाही. पदर तोंडाला लावून त्या बसून राहिल्या, आणि धर्मराज तसाच पुढे बोलत गेला.

निघताना निजामोद्दीननं कोरी कॅसेट माझ्यात घातली. "लाल बटण दाबलं की मशीन ऐकून राह्यलं, समजा. आता बोला, मावशी." द्वारकाबाई म्हणाल्या, "जेवतो का रं?" तेवढंच घेऊन तो गेला.

त्यानंतर दोन वर्षं, रोज दुपारी, धुणीभांडी उरकली की द्वारकाबाई ती कॅसेट लावायच्या. तालुक्याच्या भोकरदनचा रस्ता त्यांना धड ठाऊक नव्हता, पण धर्माच्या गावात पुलावरून पावाच्या दुकानापर्यंत त्या डोळे मिटून जायच्या. रखमाजी चेष्टा करायचे, "तिकडं ऱ्हायला जायची तयारी करून राह्यली का?"

हळूहळू पत्रं आटली आणि मग बंदच झाली. १९९६ च्या उन्हाळ्यात निजामोद्दीन पुन्हा आला. दिलेलं पाणी त्यानं हातातच धरून ठेवलं. "धर्मानं कॉलेज सोडलं, मावशी. दीड साल झालं. लांब कुठं कामाला गेल्ता म्हणतात. पत्ता कुणापशीच न्हाई. मी बहुत इचारलं. पुढच्या हप्त्यात मी कॉलेजातून माझे कागद आणायला तिकडं जाणार हाय, तव्हा परत इचारतो."

रखमाजी रानात निघून गेले. द्वारकाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि मलाच म्हणाल्या, "मी इतका हुंकार दिला, पर लाल बटण दाबलंच न्हाई. त्याला कसा पोचंल? हुंकार न्हाई म्हणून थांबलं लेकरू. आता निजामोद्दीनच्या हाती धाडते."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी धर्मराजची कॅसेट माझ्यात घातली आणि लाल बटण दाबलं.

मित्रांनो, लाल बटण दाबलं की मी जुनं पुसतो आणि नवं लिहितो. मला दुसरं काही येत नाही. धर्मराजचा आवाज येईना, तेव्हा त्यांना वाटलं, मी लक्ष देऊन ऐकतोय. त्यांना शब्द न् शब्द पाठ होता. बरोबर पुलापाशी त्यांनी हुंकार दिला, ट्रामपाशी दिला. म्हातारीपाशी, जिथे तो कधीच फुटला नव्हता, तिथे पहिल्यांदा, स्पष्ट, "हं" म्हणाल्या. अर्धा तास मी त्यांच्या लेकाला त्यांच्याच हातून पुसत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं.

संध्याकाळी त्या चुलीपाशी असताना रखमाजींनी मला लावलं. आधी खरखर, मग "हं". पुन्हा खरखर, पुन्हा "हं". रखमाजींनी खटकन मला बंद केलं. आतून हाक आली, "उमटलं का बराबर?"

रखमाजींनी रुमाल परत माझ्यावर टाकला. मग म्हणाले, "मशीन बिघडलं, गं. आतली फीत खाल्ली त्यानं. धर्माचा आवाज गेला."

द्वारकाबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्यावरचा रुमाल काढून घेतला. "ह्याला पुसपुस पुसलं मी," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मी माळ्यावर आहे. रखमाजींचा मला राग नाही. तो आळ मी आनंदानं घेतला, कारण बायकोला वाचवायला त्या माणसाजवळ दुसरं काही नव्हतं.

रखमाजी २००१ मध्ये गेले. आता खरं काय ते फक्त मला माहीत आहे. धर्मराजचा पत्ता कुणालाच लागला नाही, आणि आता लागेल असं मलाही वाटत नाही.

मित्रांनो, कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकची चिमुकली पट्टी असते. ती तोडून टाकली की त्या कॅसेटवर लाल बटण चालत नाही. तुमच्या घरी कुणाचा आवाज जपलेला असेल, तर ती आजच तोडा. आम्हा यंत्रांवर विसंबू नका. आणि माळा झाडताना मी सापडलो, तर धूळ पुसा, पण मला वाजवू नका. द्वारकाबाई अजून खाली आहेत.

दुपार झाली, की त्या भिंतीला टेकून डोळे मिटतात. थोडा वेळ जातो. मग खालून आवाज येतो, "हं." पूल सरला, हे फक्त मला कळतं.