डावा खांदा, हनुवटीखाली

सरांनी डॉक्टरीणबाईंच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि तो हळूच हनुवटीखाली ढकलला.

“हात उचलू नका, पाठ वळवा. चेंडू जिकडे जायचाय, तिकडे तुमची सगळी पाठ झाली पाहिजे.”

“वळतेच आहे की.”

“ओढताय. इथे कुणाची दाढ काढायची नाहीये.”

बाई हसल्या, आणि हसताना खांदा आपसूक सैल झाला. पंचवीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून त्यांची पाठ पार पुढे आली होती. दवाखाना उघडण्याआधी त्या रोज या गोल्फच्या मैदानावर पन्नास चेंडू मारायला येत. सर शिकवायचे ते एकच: खांदा पुरता वळला की बाकीचं अंग मुकाट्याने त्याच्यामागून येतं. सगळे त्यांना खांदेसर म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

ते उभे होते त्या छपराच्या पलीकडे सगळं पांढरं होतं. गेले पंधरा दिवस सरांच्या सकाळी अशाच तरंगत चालल्या होत्या. समोर मैदान नाही, झाडं नाहीत, नुसता दुधात विरघळल्यासारखा उजेड. चेंडू टक् करून निघायचा आणि त्या पांढऱ्यात शिरून नाहीसा व्हायचा. सरांना हे धुकं मनापासून आवडायला लागलं होतं. वर्षभर त्यांची नजर दुधी होत चालली होती आणि ऑपरेशनने काही व्हायचं नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. ही गोष्ट त्यांनी कुणालाच कळू दिली नव्हती, घरी सुनेलाही नाही. धुक्यात मात्र सगळेच सारखे. चेंडू कुठे गेला, हे कुणी विचारायचं नाही.

गेल्या महिन्यात मात्र घोळ झाला होता. एकाचा चेंडू बाजूच्या जाळीत जाऊन अडकला आणि सर म्हणाले, “वा, अगदी सरळ!” तक्रार वरपर्यंत गेली. म्हणून आज मॅनेजर स्वतः बघायला येणार होता. शिकवणं गेलं तर सकाळी उठून जायचं कुठे, हा विचार सकाळपासून सरांची पाठ सोडत नव्हता.

मॅनेजरची पावलं मागे येऊन थांबली.

“चालू द्या, सर.”

बाईंनी चेंडू मारला.

“कसा गेला?” मॅनेजरने विचारलं.

“एवढ्या धुक्यात काय कळणार, साहेब?” सर हसून म्हणाले.

“हो ना,” बाई घाईघाईने म्हणाल्या, “अगदी दाट आहे आज.”

तेवढ्यात लांब मैदानात चेंडू वेचणारी गाडी घरघरत फिरू लागली. धुकं असलं की ती बाहेर काढत नसत. ही घरघर सरांनी काल ऐकली होती, परवाही ऐकली होती, आणि रस्त्यावरचं काहीतरी असेल म्हणून स्वतःची समजूत घातली होती.

“कधी गेलं?” त्यांनी विचारलं.

“काय, सर?”

“धुकं.”

बाईंनी हातातली काठी जमिनीवर टेकवली.

“मंगळवारी,” त्या म्हणाल्या.

आज शनिवार होता. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंचा रागही आला, आणि चार दिवस रोज न चुकता ‘हो सर, दाट आहे’ म्हणणाऱ्या त्याच बाईंबद्दल माया दाटून आली. दोन्ही एकदमच.

“सर, मला वर काहीतरी कळवावं लागेल,” मॅनेजर हळू आवाजात म्हणाला.

“खरं तेच कळवा. बाईंचे दहा चेंडू उरलेत, तेवढे होऊ द्या.”

बाई पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी सरांनी त्यांच्या खांद्याला बोट लावलं नाही. पाठीवरचं कापड ताणल्याची सळसळ त्यांनी ऐकली, बुटाची टाच वळल्याचं ऐकलं, मग क्षणभर काहीच नाही. आणि मग आवाज आला, भरीव आणि स्वच्छ.

“कुठे गेला?” सरांनी विचारलं. वर्षभरात हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नव्हता.

बाई तोंड उघडणार, तोच मॅनेजर बोलू लागला.

“चढतोय अजून. बराच वर गेलाय. आता मधल्या झाडाच्या शेंड्याला आला... जरासा डावीकडे कलतोय. उतरला. पडला. एकदा उसळला, दोनदा. घरंगळतोय.”

सर त्या आवाजाच्या मागोमाग मान वळवत होते. कितीतरी दिवसांनी त्यांना चेंडू दिसत होता.

“थांबला?”

“थांबला.”

“डावीकडे गेला म्हणजे शेवटी हातांनी घाई केली,” सर म्हणाले. “खांदा मात्र पुरता वळला होता.”

मॅनेजरने कोपऱ्यातलं स्टूल पायाने पुढे ओढलं आणि त्यावर बसला.

“मारा बाई पुढचा,” तो म्हणाला. “मी सांगतो.”