पूजेत राहिलेले चिल

जाणू विशेच्या लेकीला, जयश्रीला, जुळ्या मुली झाल्या ते साल दोन हजार बावीस. ऐन पितृपक्षात झाल्या आणि दिवस भरायच्या महिनाभर आधी झाल्या. एकीचं वजन दीड किलो, दुसरीचं त्याहूनही कमी. दोघींना ठाण्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. जाणू अकरा दिवस तिथल्या बाकड्यावर बसून होता, आणि किन्हवलीहून मुरबाडला जाणारी सकाळची एसटी अकरा दिवस त्याच्याविना गेली.

बाराव्या दिवशी तो कारखान्यात पोचला तेव्हा जीवनशेठ दारातच भेटले. हे मालकाचे पुतणे. सगळा कारखाना तेच बघत.

"नाती बऱ्या आहेत ना, जाणूभाऊ?"

"बऱ्या हायेत. दूध प्यायला लागल्यात."

"चांगलं झालं. आता दिवाळीपर्यंत खाडा नको. आणि एकही पेटी फुकट जायला नको. काका माझ्या डोक्यावर बसलेत."

जाणूने मान हलवली. साठीला दोन वर्षं कमी होती. त्याच्या जागेवर डोळा ठेवून चार तरुण गेटावर उभेच असत.

कारखाना ओतकामाचा. लोखंडी पेटीत वाळूचा साचा भरायचा, भट्टीत वितळलेल्या लोखंडाचा रस त्यात ओतायचा, निवलं की वाळू फोडून माल काढायचा. सांगायला एवढंच, पण सगळी अक्कल त्या निवण्यात. लोखंड निवताना आटतं. पातळ जागा आधी निवते, जाड जागा मागून. ताटात गरम भात वाढला की कडेची शितं गार होतात आणि मधला ढीग आतून वाफाळत राहतो, तसंच. जाड जागा शेवटी आटायला लागते तेव्हा भोवतालचं सगळं थिजलेलं असतं, तिला भर द्यायला कुणी उरत नाही, आणि तिच्या पोटात पोकळी पडते. वरून माल देखणा, आतून पोकळ. यावर उपाय चिलचा. चिल म्हणजे लोखंडाचे साधे ठोकळे. जाड जागेला लागून ते वाळूत बसवले की तिथली धग ओढून घेतात, आणि जाड जागाही बाकीच्यांबरोबर निवते.

चिल बसवावेत जाणूनेच. घासून चकचकीत करायचा, ओल राहू नये म्हणून शेकवायचा, मग बाळाला झोळीत ठेवावं तसा वाळूत ठेवायचा. 'जाणूच्या पेटीत पोकळी सापडली तर मिशी काढीन' असं संजू नावाचा ग्राइंडरवाला म्हणायचा. त्याला मिशी नव्हती, ती गोष्ट वेगळी.

भट्टीवर नथू हिलम होता. कातकरी वाडीतला. त्याच्या वाडीत भट्टी म्हटली की वीटभट्टी. लोखंडाच्या भट्टीवर महिन्याचा पगार घेणारा वाडीतला तो पहिलाच. रसाचा रंग बघून तो किती तापलाय ते सांगायचा, आणि मीटर लावला की मीटरही तेच सांगायचा. ओतायच्या आधी दरवेळी तो हाक द्यायचा, "जाणूदादा, चिल लावलेस ना?" लावले असतील तर रस कडक ओतायचा, म्हणजे चिलला टेकून तो अर्ध्या वाटेत गोठत नसे. लावले नसतील तर बादली चार मिनिटं थांबवायची, रसाचा जोर उतरू द्यायचा आणि मग ओतायचा. साच्यात डोकावून बघायची त्याला गरज पडली नव्हती. नऊ वर्षं त्याने जाणूच्या शब्दावर लोखंड ओतलं होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला संध्याकाळी कारखान्यात हत्यारांची पूजा मांडली. फावडी, धुमस, चाळण्या, लेव्हल, सगळं धुऊन पुसून पाटावर. जाणूने आपले चिलही मांडले. दरवर्षी मांडायचा. त्यांची उतरंड रचली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली आणि वर नारळ. मांडलेली पूजा दसऱ्याच्या दुपारी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हलवायची नाही, हा रिवाज.

दसऱ्याला सकाळी मुहूर्ताची एक भट्टी लावायची, हाही रिवाज. एरवी मुहूर्ताला दोन-चार किरकोळ वस्तू ओतत. या वेळी जीवनशेठनी सहा मोठ्या पुल्या सांगितल्या. भातगिरणीच्या इंजिनाच्या पुल्या. आरे बोटाएवढे आणि मधला गड्डा उखळासारखा. कल्याणच्या गिऱ्हाइकाला घाई होती.

जुनी फावडी, जुने धुमस माळ्यावर होते, ते खाली काढले. सहाव्या पेटीची वाळू चाळेपर्यंत जाणूच्या ध्यानात आलं नाही, की त्या गड्ड्याला बसतील असे चिल कारखान्यात एकाच मापाचे आहेत, आणि ते सगळे पाटावर फुलं लेवून बसलेत. एरवी तो नवमीला दोन जोड बाजूला ठेवायचा. या वेळी डोकं ठाण्याच्या काचेच्या पेटीत अडकलं होतं.

हात जोडून, नारळ उतरवून चिल उचलता आले असते. देवाने काही हात धरला नसता. पण शेजारीच जीवनशेठ कापूर घेऊन उभे होते, मोबाईलवर मुहूर्ताचे फोटो काढत होते. त्यांच्यासमोर पूजा मोडायची म्हणजे आपण विसरलो हे सांगायचं. अकरा दिवसांच्या खाड्यानंतर ते सांगायला जाणूची जीभ उचलेना. त्याने गड्ड्यावरचा रायझर, म्हणजे वरून लोखंडाची भर द्यायची वाळूतली वाट, थोडा रुंद केला. तेवढ्यावर निभेल असं मनाला समजावलं आणि पेट्या बंद केल्या.

नथू बादली घेऊन आला. रस पांढरा पडत आला होता.

"जाणूदादा, चिल लावलेस ना?"

"हो."

एवढंच. नथूने सहाही साचे कडक भरले. जीवनशेठनी नारळ फोडला. दुपारी सगळ्यांना प्रसाद वाटला.

आठव्या दिवशी सहाही पुल्या टेम्पोतून परत आल्या. कल्याणच्या लेथवर गड्ड्याला भोक पाडताना आत पोकळ्या लागल्या होत्या. एकीत तर अख्खी सुपारी मावेल एवढी. जीवनशेठनी सगळ्यांना टेम्पोपाशी बोलावलं.

"हे कसं झालं?"

मग संजू म्हणाला, "माल जास्त तापलेला दिसतोय. लय तापला की लय आटतो."

"मीटर लावला होता का, नथू?"

"मुहूर्ताच्या दिशी मीटर कपाटात व्हता, शेठ. रंगावर ओतला."

"रंगावर." कुणीतरी मागून म्हणालं, "नवमीच्या रात्रीचा रंग सकाळपर्यंत डोळ्यात असंल." माणसं हसली. नथूने दारू सोडून पाच वर्षं झाली होती, आणि हसणाऱ्यांना ते माहीत होतं. पण वाडीतल्या माणसाला ती गोष्ट पटकन चिकटते, उलटून विचारावं असं कुणाला वाटत नाही.

नथू हसणाऱ्यांकडे वळला नाही. तो म्हणाला, "चिल लावलेत म्हून मी कडक ओतला. मी इचारलं व्हतं. जाणूदादालाच इचारा."

जीवनशेठ जाणूकडे वळले. नथूही बघत होता. त्याच्या बघण्यात राग नव्हता. वाट बघावी तसं तो बघत होता.

"लावलेवते," जाणू म्हणाला.

नथूने मान खाली घातली. दिवाळीच्या आधी त्याचा हिशेब चुकता करून त्याला घरी पाठवलं.

घरी जाणूने बायकोला, देवकीला, काही सांगितलं नाही. नाती घरी आल्या, बारसं झालं, पाळण्याला दोन दोऱ्या बांधल्या. देवकी एकदा म्हणाली, "पोरी धडधाकट झाल्या तरी तुमचं तोंड उतरलेलंच." तो म्हणाला, "वाळूची धूळ बसते गो छातीत." पुढे महिनाभर ती त्याला गूळ खायला घालत होती. तो गूळ खाताना त्याला आपलीच चीड यायची.

कारखान्यात निराळंच काही रुजलं. नव्या भट्टीवाल्याचा, साईनाथचा, रस एक दिवस फार तापला तर संजू ओरडला, "अरे, नथू झाला, नथू झाला. उतरव." तेव्हापासून जास्त तापलेल्या मालाला नथू म्हणायची रीतच पडली. महिन्याभरात ती इतकी अंगवळणी पडली की हसायचंही कुणाच्या ध्यानात राहीना. रोज दोन-तीनदा तो शब्द कानावर पडायचा, आणि दरवेळी जाणूचा हात वाळूत थांबायचा.

शिमग्याच्या आदल्या रविवारी तो शहापूरवरून जीपने वाशिंदला गेला. तिथे नदीकाठच्या वीटभट्टीवर नथू जोडप्याने कामाला आहे असं कळलं होतं. नथू चिखल तुडवत होता, गुडघ्यापर्यंत. बायको, चंदा, साच्याने विटा पाडत होती. जाणूला बघून नथू बाहेर आला, पाय धुतले.

"ये दादा. चंदा, च्या ठेव गो."

चंदाने जाणूकडे न बघता चहा ठेवला. जाणूने पेला हातात धरला, पण तोंडाला लावला नाही.

"नथू, मी चिल लावले नव्हते."

"मला ठावं हाय."

"कवापास्नं?"

"दसऱ्यालाच. परसाद घ्यायला वाकलो तवा चिल पाटावर व्हते, कुंकू लावलेले. म्हटलं, असे कसे? साच्यातनं काढले तं काळे पडाया पायजेत." तो पायाच्या बोटांतला चिखल काढत होता. "पन तवा ओतून झालं व्हतं."

"मग टेम्पोपाशी बोलला का नाय?"

"बोललो की. तुला इचारा म्हनलो."

जाणू हातातला पेला फिरवत राहिला.

"मी सांगितलं असतं तं कोन मानत व्हतं?" नथू म्हणाला. "कातकऱ्यानं सोताची चूक दुसऱ्यावर ढकलली, आसंच म्हनले असते. ते तुज्याच तोंडून याया पायजे व्हतं."

"मला माफ कर."

"ह्या भट्टीवर माफ करून काय व्हनार? जीवनशेठला सांग जा."

तेवढ्यात चंदा बोलली. पाठमोरीच. "आमच्या पोरीला शाळंत दारुड्याची म्हनतात. तिचा बाप पाच वर्सं पीत नाय."

जाणूने चहा एका घोटात संपवला, जीभ पोळली. "सोमवारी सांगतो," म्हणून तो उठला.

सोमवारी तो जीवनशेठच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्यांनी "काय जाणूभाऊ?" विचारल्यावर त्याने हातमोजे मागितले. पुढच्या सोमवारीही हातमोजे मागितले. तिसऱ्या वेळी जीवनशेठ म्हणाले, "खाता की काय हातमोजे?" बाहेर आल्यावर त्याने ते कोरे मोजे वाळूच्या ढिगामागे लपवले. साठीच्या माणसाने चोरट्या पोरासारखी वस्तू लपवावी, आणि तीही आपल्याच कामाची.

चैत्रात पुन्हा त्याच पुल्यांचं काम आलं. जाणूने चिल लावले, पेट्या बंद केल्या. साईनाथ बादली घेऊन आला आणि जीवनशेठ त्याला म्हणाले, "जपून हं. नथू करू नको."

"शेठ," जाणू म्हणाला. आवाज घोगरा निघाला, पण मोठा निघाला. "तो शब्द बंद करा. दसऱ्याला चिल मी लावले नव्हते. पूजेत राहिले होते. नथूनं विचारलं तर मी हो बोललो. टेम्पोपाशी पण खोटं बोललो. तो पिलेला नव्हता. त्याचा माल बरोबर होता."

साईनाथच्या बादलीतला रस थंडावत होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. संजू जमिनीकडे बघत होता.

"सहा महिने, जाणूभाऊ," जीवनशेठ एवढंच म्हणाले. मग साईनाथला म्हणाले, "रस भट्टीत परत घाल. तापव. आणि ओत."

जाणूला वाटलं होतं, काढून टाकतील. काढलं नाही. पगारातूनही काही कापलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्याला कुठेतरी मोकळं वाटलं असतं. जीवनशेठ तेव्हापासून त्याला जाणूभाऊ म्हणेनासे झाले, "विशे" म्हणायला लागले. जेवायच्या वेळी संजू डबा घेऊन दुसऱ्या टोकाला बसू लागला. देवकीला त्याने त्याच दिवशी सांगितलं. ती नातीला तेल लावत होती. बराच वेळ लावतच राहिली. मग म्हणाली, "मी तुमाला गूळ भरवत होते." पुढे त्यावर ती कधी बोलली नाही.

नथूला निरोप गेला. वीटभट्टीवर उचल घेतलेली असल्याने हंगाम संपेपर्यंत सुटता येत नाही, असा उलट निरोप आला. जूनमध्ये तो परत भट्टीवर उभा राहिला. साईनाथ त्याच्या हाताखाली गेला आणि नथू हा शब्द पुन्हा नुसता माणसाचं नाव झाला.

नथू जाणूशी नीट बोलायचा. तंबाखू द्यायचा, घ्यायचा. जुळ्यांच्या वाढदिवसाला चंदाने करवंदांचं लोणचं पाठवलं. पण ओतायच्या आधीची ती हाक त्याने पुन्हा कधी दिली नाही. पेटी बंद व्हायच्या आधी तो भट्टीवरून उतरायचा, साच्याशी उकिडवा बसायचा आणि चिल आपल्या बोटांनी मोजायचा. रागाने नाही. माणूस रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो, तसा. जाणू तोवर झाकण हातात धरून बाजूला उभा राहायचा. एकदा त्याने म्हणून बघितलं, "लावलेत रे, नथू." नथू म्हणाला, "हो, दादा," आणि मोजत राहिला.

दीड वर्ष असं चाललं. दर पेटीला. मग नथूला खोकल्यातून रक्त पडायला लागलं, आणि दोन हजार चोवीसच्या दिवाळीनंतर तो कामावर आला नाही.

नथू हिलम नऊ जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी, गुरुवारी पहाटे, आपल्या वाडीतल्या घरी वारला. त्याचं वय सत्तेचाळीस होतं.