पाटीवरची मायलेकरं

एक्स-रे काढण्याआधी मी बायकांना विचारतेच, "दिवस गेलेत का?" बावीस वर्षांची सवय. त्या रविवारी टेबलावर इजिप्तची तीन हजार वर्षांपूर्वीची ममी होती, तरी प्रश्न तोंडातून निसटलाच.

"उत्तर आलं तर मलाही सांग," दादा म्हणाला.

माझा हा थोरला भाऊ संग्रहालयात ममीची देखभाल करतो. तिच्या पट्ट्या एका जागी उसवल्यात, तिथून इवलंसं पाऊल दिसतं. छातीशी बांधलेलं मूल. त्यावरून दादाने तीस वर्षांपूर्वी पाटी लिहिली, 'मायलेकरं'. उद्या नवं दालन उघडायचं होतं आणि त्याआधी एक्स-रे हवाच, हा हट्टही त्याचाच.

स्क्रीनवर मूल स्पष्ट दिसलं, दोनेक वर्षांचं. पण मोठ्या माणसाचं कमरेचं हाड अरुंद, चक्क पुरुषाचं. माझंच काही चुकलं म्हणून पुन्हा काढला. मग तिसऱ्यांदा. डोक्याचा पार भुगा झाला.

"दादा, हा बाप्या आहे."

"कोण?"

"ही."

"ही बाप्या कशी असेल?"

मला रागच आला. खात्री न करता तीस वर्षं पाटी लावतं का कुणी? पण दादा मटकन स्टुलावर बसला आणि राग टिकला नाही.

"शाळांच्या किती सहली आल्या गं. प्रत्येक पोराला सांगितलं, ही आई." मग म्हणाला, "बापलेक लिहू?"

"बाप कशावरून? मामा असेल, शेजारी असेल. हाडांवर नातं लिहिलेलं नसतं."

"मग मूल तिच्या... त्याच्याजवळ कसं?"

मी चित्र मोठं केलं. एक हात मुलाच्या पाठीमागून गेलेला, बोटं खांद्यावर वळलेली. दादा स्टुलावरून उठून स्क्रीनजवळ आला.

ममी परत पेटीत ठेवताना दादा म्हणाला, "सावकाश, त्यांना लागेल." एखाद्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं. मीही म्हणाले, "त्यांचे पाय मी धरते."

सोमवारी दालन उघडण्याआधी त्याने मला नवी पाटी दाखवली. 'हे कोण, माहीत नाही. त्यांनी बाळाला सोडलेलं नाही.'

"एवढं तरी खरं आहे ना?" त्याने विचारलं.

"एवढं खरं आहे," मी म्हणाले.