न थरथरणारं निशाण

मी एक जुनी जॉयस्टिक आहे. मित्रांनो, कॉम्प्युटरवर लुटुपुटूचं विमान उडवतात ना, त्याची दांडी. सध्या माझा मुक्काम जिन्याखालच्या खोक्यात, मोडक्या छत्रीच्या संगतीत आहे. बिघडलेली म्हणून मला इथे टाकलं. मी बिघडलेली नाही, आणि ते मनाला लागलं आहे, म्हणून बोलते.

मला निवडलं ते या घरच्या लेकीने. दुकानात तिने एकेक दांडी हातात धरून पाहिली. एक सोडली की मध्यावर परत यायचीच नाही, दुसरी इतकी हलकी की बुडासकट उचलली जायची. माझी स्प्रिंग ताठ, बूड जड. "हीच द्या," ती म्हणाली. मला कोण आनंद झाला.

तिचे वडील निवृत्त लढाऊ वैमानिक. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. त्यांचा उजवा हात आता थरथरायचा. कप बशीवर वाजायचा, सदऱ्याचं बटण लागायचं नाही. हे वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते. कॅप्टनच्या मते डॉक्टरांना काडीची अक्कल नव्हती.

लेकीने मला टेबलाच्या कडेला, मांडीच्या उंचीवर घट्ट बसवलं, म्हणजे कोपर खुर्चीच्या हातावर टेकेल. मग ती सेटिंगमध्ये शिरली. मध्याजवळची बारीक हालचाल मी कॉम्प्युटरला कळवायचीच नाही, असं तिने ठरवून टाकलं. त्यापुढे हात बराच झुकला तरी पडद्यावरचं नेमाचं निशाण जेमतेम सरकावं, अशीही सोय केली. कॅप्टन बसले. हात थरथरत होता, पण निशाण शत्रूच्या विमानावर खिळून राहिलं.

"पाहिलंस? हात अजून शाबूत आहे माझा."

लेक हो म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. त्या एका समजुतीवर तिचे बाबा पुन्हा जेवायला, बोलायला लागले. ती मोडली तर माणूसच मोडेल, याची तिला धास्ती होती.

कॅप्टनच्या अंगात बळ आलं आणि ते निघालं जावयावर. जावई दातांचे डॉक्टर. सुटीच्या दिवशी पाहुण्यांसमोर सासरे त्यांना खुर्चीत बसवत. धडधाकट हाताला मी मठ्ठ वाटायचे. ते वळवायचे, मी ढिम्म. मग जोर लावायचे आणि नेम भलतीकडेच जायचा.

"याच हातांनी लोकांच्या तोंडात सुया खुपसता, जावईबापू? पेशंट पळून कसे जात नाहीत?"

पाहुणे पोट धरून हसत. नवऱ्याचा अपमान लेकीला दिसत होता, तरी तिने त्याला खरं सांगितलं नाही. मला तिचा तेव्हा राग आला होता.

एकदा जावयांनी सहज सेटिंग उघडलं. लेकीची करामत त्यांच्या लक्षात आली. बायकोला चकार शब्द बोलले नाहीत. पुढच्या सुटीला कॅप्टनचे जुने सोबती जमले, तेव्हा त्यांनी तिने केलेलं सगळं सेटिंग गुपचूप पुसलं आणि हसून म्हणाले, "बाबा, आज तुम्हीच दाखवा."

मला लपवाछपवी येत नाही. जसं लावाल तसं मी कळवते. त्या दिवशी मी हाताची प्रत्येक थरथर कळवली. निशाण पडदाभर उड्या मारू लागलं. कॅप्टननी डाव्या हाताने उजवा दाबून धरला, तशी ते आणखीच भरकटलं. कुणी हसलं नाही. जावई वाकले आणि दवाखान्यातल्या मऊ आवाजात विचारलं, "दुखतंय का?"

कॅप्टननी लेकीकडे पाहिलं. "ही बिघडलीय का गं?"

"हो बाबा," ती म्हणाली. "सकाळीच बिघडली होती."

तिने सगळ्यांदेखत माझी वायर उपटली.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असं आम्ही शेवटी सांगायचं असतं. मी एवढंच मागते की दांडी लावाल, तर ती कशी लावली आहे ते धरणाऱ्या हाताला सांगा. चारचौघांत कळण्यापेक्षा ते बरं.

कालच एक नवी जॉयस्टिक खोक्यात आली. हुबेहूब माझ्यासारखी, लेकीने तशीच लावून दिलेली. तिने सांगितलं, कॅप्टननी तिला मुद्दाम जराशी हलवली. निशाण हललं नाही. पुन्हा हलवली, तरी हललं नाही.

"हीसुद्धा बिघडलीय गं," ते लेकीला म्हणाले आणि त्यांनी हात खिशात घातला.