मेंटेनन्स केले

"उघडतंय का, योगराजभाऊ?" सुषमाताईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

योगराजने कॉम्प्युटर पुन्हा चालू करून पाहिला. साड्यांच्या काठांसाठी नऊ वर्षांत बनवलेल्या एकूण एक डिझाइनला कुणीतरी इंटरनेटवरून शिरून कुलूप लावलं होतं आणि पडद्यावर खंडणी मागितली होती. कॉम्प्युटरला जोडलेली, प्रती ठेवायची जादा डिस्कही गेली. सुषमाताईंच्या नवागामच्या कारखान्यात भरतकामाची दोन्ही मशिनं थांबलेली, सुया कापडात तशाच.

टेबलावर योगराजची वही; दर महिन्याला कॉम्प्युटर तपासून झाला की तो त्यात नोंद करायचा.

जून : मेंटेनन्स केले.

जूनमध्ये एका अपडेटनंतर मशिनं कॉम्प्युटरला जुमानेनाशी झाली. अपडेटखाली कंपनीची एकच ओळ होती : सुरक्षा व इतर सुधारणा. इतर म्हणजे काय, ते नाही. नुसती सुरक्षा घ्यायची सोय नाही, सगळं एकाच गाठोड्यात. योगराजने ते काढलं आणि पुढची अपडेटंच बंद करून टाकली. मशिनं चालली. सुषमाताईंनी त्याला आग्रहानं खिचडी वाढली.

जुलै : मेंटेनन्स केले.

ऑगस्ट : मेंटेनन्स केले.

"कंपनीवाले अपडेटमध्ये काय घालतात ते सांगतच नाहीत, ताई. म्हणून मी अपडेटं बंद ठेवली होती. त्याच फटीतून कुणीतरी शिरलं."

सुषमाताईंनी वही त्याच्याकडे फिरवली. "हे यात कुठंय?"

डिंडोलीला घरी त्याने कंपनीला भरपूर शिव्या घातल्या. त्याचे वडील उखाबाबा ऐकत होते. त्यांची तीस वर्षं कापड मार्केटात पार्सलं बांधण्यात गेली होती.

"दागी साडी राहिनी त मी चिठ्ठीवर लिखू," ते म्हणाले. "शेठ रागे भरे. तरी लिखू." मग थोड्या वेळाने, "तू काय लिखेल व्हतं?"

योगराजने ताटात हात धुतला. भाकरी अर्धी होती.

सकाळी तो परत गेला. सुषमाताईंनी स्वतःची जुनी साडी टेबलावर पसरली होती. काठावरचा मोर भिंगाखाली धरून त्या एकेक टाका मोजत होत्या, कागदावर उतरवत होत्या. डोळे सुजलेले.

"मोर पहिला केलेला," त्या म्हणाल्या. एवढंच.

योगराजने वही ओढली. लिहिलं : जूनपासून सुरक्षेची अपडेटं बंद होती. मी केली. सांगितलं नाही.

अशा आणखी अकरा वह्या होत्या, अकरा कारखान्यांत; त्यांतही तेच दोन शब्द. त्याने पेन खिशाला लावलं.

"तारीख टाका," भिंगावरून मान वर न करता सुषमाताई म्हणाल्या.

त्याने पेन पुन्हा काढलं.