उजव्या बुटाचं तेल

स्वस्त माल म्हणजे फालतू माल, असं म्हणणारा माणूस दुकानात आला की माझं डोस्कं फिरतंय. मंगळवार पेठेत बारा वर्षं मी ट्रेकिंगचं सामान विकालोय. माझा साडेचारशेचा रेनकोट घालून लोकं अख्खा पावसाळा गड फिरत्यात, थेंब आत येत न्हाय. माझी सातशेची सॅक चार हजाराच्या सॅकला ऐकत न्हाय. नावाचं पैसं मोजायची हौस असंल तर खुशाल मोजा की, कोण अडवलंय.

फक्त बूट सोडून. पण बुटाचं मी गिऱ्हाइकाला सांगत न्हाय. नऊशेचा बूट दिसायला झकास असतोय, पण सोल नुसता चिकटवलेला. कडंला शिलाई दिसती ती नक्षीची. सुक्या रस्त्यावर वरीसभर चालतोय, चिखलात त्याचा भरवसा न्हाय. माझ्या स्वतःच्या पायात साडेसहा हजाराचा हाय. त्याला काय करायचं? दुकान टाकलंय, अन्नछत्र न्हाय.

जुलैत अर्धं कोल्हापूर पन्हाळ्यावरनं पावनखिंडीला चालत जातंय. दोन दिवसांची वाट, चिखल, ओढे, निसरडं. त्या दिवसांत माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसती. यंदा आठवडाभर आधी यल्लाप्पा आला. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, पन्नाशीचा माणूस. संगं पोरगी, सोनम, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. पोरगी गप्प आणि बापाचं तोंड बंद हुईना. कॉलेज एका पोरीला हिमालयात महिनाभराच्या गिर्यारोहणाच्या कोर्सला पाठवणार हुतं, सगळा खर्च कॉलेजचा. निवड ह्याच वाटेवर. जी दोन्ही दिवस सरांच्या बरोबरीनं चालंल, ती जाणार. सोनम त्यासाठी वरीसभर रोज पहाटं कळंब्याच्या तळ्याभोवती पळत हुती. हे सगळं सांगून यल्लाप्पा म्हणाला, बूट मात्र भारीतला द्या मालक, तिथं हयगय नको.

शिवलेल्या सोलचा बूट आत कपाटात हुता, तिच्या मापाचाबी हुता. पण नऊशेवाल्या चाळीस जोडांचा लॉट माझ्या उरावर बसलेला. त्यातलं तीन जोड आदल्याच आठवड्यात सोल निघून परत आलतं. मी त्या लॉटातला जोड काढून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, ह्यो घालून लोकं बर्फात जाऊन आल्यात. त्यानं लगेच विश्वास ठेवला. सोनमनं घालून बघितला, उजवा टाचेला चावतोय म्हणाली. चार दिवस घाल, सैल हुतोय, असं सांगून मी पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळलो.

आता आमच्या कोल्हापूरच्या माणसाला एक खोड हाय. नवी चप्पल चावाली की तिला करंजाचं तेल चोळायचं आणि मुरू द्यायचं. कातडं मऊ पडतंय, चप्पल पायाला बसती. बाप तेच करायचा, आजा तेच करायचा. यल्लाप्पानंबी कामावरनं आल्यावर चार दिवस बसून बुटाच्या टाचेला तेल चोळलं. बूट कातड्याचा न्हवता, रेक्झिनचा हुता, ह्ये त्याला कोण सांगणार? पोरीसाठी करालाय म्हणून त्याला केवढं कौतिक वाटलं असंल.

मसाई पठारावर सोनमच्या बुटाचा सोल निघाला. तोवर ती सरांच्या बरोबर सगळ्यांच्या पुढं हुती. तिनं ओढणी फाडून सोल बांधला, तो सुटला. मग बूट हातात घेऊन अनवाणी चालली, तशी आठ किलोमीटर. मुक्कामाला पोचली तवा तळपाय फाटलेला. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला जीपमधनं परत पाठवलं. कोर्सला दुसरी पोरगी गेली.

सोमवारी यल्लाप्पा पिशवीत बूट घेऊन आला. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं. पैसं नकोत मालक, म्हणाला, फक्त कशानं झालं तेवढं सांगा. मी पिशवी काउंटरवर पालथी केली. डाव्या बुटाचा सोल लोंबत हुता. उजवा अख्खा, आणि त्याला करंजाच्या तेलाचा वास. मला एका क्षणात सगळं कळलं. तेल लावलेला बूट टिकलेला, कोरडा गेलेला. म्हणजे खोट माझ्या मालातच हुती. गिऱ्हाइकं कान टवकारून बघालती. मी आवाज चढवला.

"बुटाला तेल घातलंस व्हय रं?"

तोवर मी त्याला अहो-जाहो करत हुतो. तो दचकला. उजवा चावत हुता, म्हणाला, म्हणून उजव्यालाच लावलंतं.

"आणि ठेवलंतंस कुठं? दोन्ही एकाच खोक्यात न्हवं? मग उतरलं की दुसऱ्यात. तेलानं गोंद खाल्ला. पोरीचं वाटुळं तू केलंस, माझ्या बुटानं न्हाय."

लोकं हसली. एकजण म्हणाला, बुटाला तेल लावलंय, आता डोस्क्याला पॉलिश लाव. यल्लाप्पानं दोन्ही बूट पिशवीत भरलं, चुकलं मालक, एवढंच म्हणाला आणि गेला. मला हायसं वाटलं. त्या दिवशी त्याच लॉटातलं सहा जोड खपलं.

चार दिवसांनी सोनम आली, एकटीच. पायाला बँडेज, लंगडत. तिनं डावा बूट काउंटरवर ठेवला.

"काका, तेल उजव्याला लावलंतं. सोल डाव्याचा गेलाय. वास घेऊन बघा."

मी वास घेतला न्हाय. नवा जोड घेऊन जा, म्हणालो, विषय मिटव. तिला बूट नको हुता. कोर्स गेला त्याचंबी ती बोलत न्हवती. बाप घरात जेवायला बसत न्हवता, तिच्या म्होरं यायला नको म्हणून फौंड्रीत रातपाळी मागून घेतलीती. तिनं वीसदा सांगून बघितलं की तुमची चूक न्हाय. त्याला वाटायचं पोरगी समजूत काढाली. दुकानदार म्हणालाय म्हणजे तेच खरं.

"तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील. एवढा एक फोन करा."

तिनं नंबर लावून मोबाईल माझ्या हातात दिला. घंटी वाजली. माझ्या मनात काय आलं सांगू? फळीवर अजून पंचवीस जोड हुतं. आज एकाला खरं सांगितलं तर उद्या सगळी पेठ दारात उभी राहील. पलीकडनं यल्लाप्पाचा झोपेतला आवाज आला.

"यल्लाप्पा," मी म्हणालो, "तुझी पोरगी हितं भांडायला आलीया. तिला जरा चार शब्द सांग."

तो लगेच माफी मागाय लागला. पोर हाय मालक, मनावर घेऊ नका, चूक माझीच हुती. फोनचा आवाज मोठा हुता, सोनमनं सगळं ऐकलं. तिनं माझ्या हातातनं मोबाईल घेतला. काउंटरच्या फटीतनं माझ्या पायातल्या बुटाकडं बघितलं, बराच वेळ. मग डावा बूट तिथंच टाकून लंगडत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाटी करून लावली. बुटास तेल लावू नये, लावल्यास जबाबदारी राहणार नाही. आता कुणाचाबी सोल निघाला की मी पाटीकडं बोट करतोय. न्हाय लावलं म्हणतंय एखादं. म्हणू दे की.

परवा सुट्टीला यल्लाप्पा आला. मला वाटलं, झालं, आता ह्यो तमाशा करणार. पण तो माफी मागाय आलता, पोरीच्या वतीनं. पोरगी आता पळत न्हाय म्हणाला, कुणाशी बोलतबी न्हाय. तेवढ्यात एक बाई पोराला घेऊन बूट बघाय आली आणि सोल ओढून बघाय लागली. मी तोंड उघडायच्या आत यल्लाप्पाच तिला म्हणाला, "घ्या बिनघोर, ताई. माल चांगला असतोय ह्यांचा. फक्त तेल लावू नका. मी लावलंतं."

बाईनं जोड घेतला. लॉटातला शेवटचा. मी यल्लाप्पाला च्या पाजला आणि नवीन चाळीस जोडांचा फोन करून टाकला.