लेन्सखालची निळी पिशवी

मी एक पिशवी बोलतेय. भाजीची नव्हे, तसा गैरसमज नको. जंगलात जीपमध्ये ट्रायपॉड उभा करायला जागा नसते आणि हातात धरलेली मोठी लेन्स थरथरते. अशा वेळी मला तिच्याखाली घालतात. कॅमेऱ्याचं कौतुक सगळेच करतात, पण मी नसेन तर त्याचे फोटो हलतात, एवढंच सांगते.

माझा जन्म एका निळ्या जीन्समधून झाला. ती आमच्या बाईंच्या नवऱ्याची. पोटावरून वर चढेना, तरी साहेब ती टाकू देईनात. "बारीक झालो की घालीन," असं दर वर्षी म्हणायचे. शेवटी ते आंघोळीला गेलेले असताना बाईंनी तिचा एक पाय कापला, मशीनवर शिवला, तोंडाला चेन लावली आणि डब्यातले हरभरे माझ्या पोटात ओतले.

"अगं, पाय कुठे गेला माझा?" साहेब बाहेर येऊन बघतच राहिले.

"दुसराही द्या, पायपुसणं करते," बाई म्हणाल्या.

बाईंना वेड सरपटणाऱ्या प्राण्यांचं. बाकीच्या गाड्या मोठ्या जनावरांमागे धावतात, आमची जीप सरड्यासाठी थांबते. साहेब गाडी चालवतात आणि कुरकुरतातही, पण थांबवतात मात्र अगदी अलगद.

या सरड्या-घोरपडींची एक खोड आहे. त्या नेमक्या पसाऱ्यात बसतात. मग फोटोत डोळ्यामागून काडी निघते, शेपटीला गवत फुटतं. उन्हातलं एखादं वाळकं पान असं चमकतं की बघणाऱ्याची नजर प्राण्याला सोडून तिकडेच जाते. म्हणून बाई आधी प्राण्याच्या मागे काय आहे ते बघतात आणि मग प्राण्याकडे.

तरीही व्हायचं ते झालंच. बाईंचं या प्राण्यांच्या फोटोंचं पुस्तक छापायला निघालं होतं. आतले फोटो पसंत पडले, पण कव्हरसाठी पाठवलेले सगळे संपादकांनी परत केले. "मॅडम, घोरपड सुंदर आहे, पण नजर मागच्या काटक्यांवर जाते. येत्या सफारीत जमलं नाही तर कव्हरला दुसऱ्या कुणाचा तरी फोटो घेऊ." स्वतःच्या पुस्तकावर परक्याचा फोटो! बाई फोनवर नुसतं "बरं" म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

सफारीचा शेवटचा दिवस उजाडला, आणि माझीच तब्येत बिघडलेली. आदल्या दिवशी साहेबांनी पाण्याची बाटली झाकण न लावता माझ्यावर आडवी केली होती. हरभरे फुगून टम्म झाले. माझी शिवण ताणली गेली. मी एरवीपेक्षा चांगली चार बोटं उंच दिसत होते आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा तोराही आला होता.

वळणावर साहेबांनी इंजिन बंद केलं. समोर खडकावर घोरपड! उन्हात पसरलेली, मान वर. बाई जीपमध्येच खाली पालथ्या झोपल्या. मला दाराच्या पायरीवर ठेवलं, माझ्यावर लेन्स. डोळा लावला आणि त्यांच्या तोंडून "शी!" निघालं. घोरपडीच्या बरोबर डोक्यामागे, दूर रस्त्याकडेला, एक पिवळीधमक बुटकी पाटी होती: गाडीतून उतरू नका.

उतरून दोन पावलं सरकलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण उतरू नका म्हणून तीच पाटी बजावत होती. गाडी सुरू करावी तर घोरपड पळणार.

"थोडं खालून घे ना," साहेब कुजबुजले. "पाटी खडकाआड जाईल."

"खाली कशी जाऊ? ही बया फुगलीय." बया म्हणजे मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बाई म्हणाल्या, "अहो, टोपी धरा."

त्यांनी माझी चेन उघडली आणि मूठमूठ करून माझं पोट साहेबांच्या टोपीत रिकामं करायला सुरुवात केली. एक दाणाही खाली सांडू दिला नाही, कारण जंगलात काही टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. मी घाबरले. हरभरे गेले की माझ्यात उरणार काय? नुसती जीन्सची चिंधी. वर साहेबांनी दोन दाणे तोंडात टाकले.

"चावू नका! आवाज होतोय!"

साहेबांनी दाणे तसेच गालात धरून ठेवले.

मी पायरीवर सपाट झाले. लेन्स माझ्यावर टेकली आणि माझ्या दोन पदरांमधून मला तिचं वजन पुरतं जाणवलं. मी हलले नाही. पाटी खाली खाली सरकत खडकाआड गेली. मागे उरला तो रस्त्यापलीकडच्या उंचवट्यावरच्या गवताचा एकसलग हिरवा रंग. घोरपडीने जीभ बाहेर काढली. खटखट आवाज झाला आणि बाईंनी श्वास सोडला.

घरी परतल्यावर संपादकांचा फोन आला. "मॅडम, फर्स्टक्लास! हाच कव्हरवर. फक्त खाली कोपऱ्यात निळं काय आलंय? नजर तिकडे जाते."

ते निळं म्हणजे मी. रिकामी झाले तेव्हा माझं एक टोक लेन्सपुढे आलं होतं.

"राहू दे गं," साहेब म्हणाले. "तेवढीच माझी जीन्स कव्हरवर येईल."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फोटोची खालची कड कापून टाकली. मला वाईट वाटलं? वाटलं. जन्मात एकदाच फोटोत आले होते. पण माझ्यासाठी त्यांनी घोरपडीवरची नजर हटू दिली असती, तर मला त्यांची लाज वाटली असती.

आता मी दाराआडच्या खुंटीवर असते. पोटात कोरडे हरभरे आहेत, तेही अर्धेच; पुढच्या सफारीलाही बाई मला अशीच नेणार आहेत. पुस्तक समोरच्या फळीवर आहे. कव्हरवर घोरपड, तिच्यामागे हिरवा रंग आणि खाली बाईंचं नाव. येणारेजाणारे म्हणतात, "वा, काय स्वच्छ फोटो!" तुम्हीही असा एखादा फोटो पाहिलात, तर एकदा त्याच्या कडांकडे बघा. तिथे काहीच दिसलं नाही, तर कुणीतरी तिथून बाजूला झालंय, एवढं लक्षात ठेवा.